दुष्काळातला कडबा आणि बिनपरतीचा पैसा

दुष्काळात शेतकरी आधी काय विकतो? दावणीचं जनावर. आणि सगळा गावच विकायला निघाला की बाजारात भाव उरत नाही. पाऊस परत येतो, जनावर येत नाही.

म्हसवडचं उदाहरण पाहा. सातारा जिल्ह्यातल्या या गावी चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. बायका लिहा-वाचायला शिकल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या आणि परवाना मिळवलाच!

२०१२ च्या दुष्काळात मात्र कर्ज पुरं पडेना. एक बाई जनावरांसाठी सोनं गहाण टाकायला आली. पण चारा-पाणीच नाही, तर कर्ज घेऊन करायचं काय? वर हप्ता डोक्यावर. तेव्हा माणदेशी फाउंडेशननं देणग्या जमवून छावणी उघडली. हजारो जनावरं आणि त्यांची माणसं कित्येक महिने तिथेच राहिली.

मला विचाराल, तर बऱ्या वर्षी शेळी घ्यायला दानापेक्षा कर्ज चांगलं. घेणारीची मान ताठ राहते. पण आभाळच फाटतं, तेव्हा परत न मागितला जाणारा पैसाच लागतो. देणगीदारांना मात्र इमारत आवडते. कडब्याच्या पेंढीवर नावाची पाटी कशी लावणार?

छावणीनंतर संस्थेनं त्या भागात पाणी अडवण्यासाठी बंधारे बांधायला घेतले.