पीळ जातो कुठे?

पायात रॉड टाकलेला माणूस ज्याच्या ओळखीत नाही, असा कोणी पिंपरी-चिंचवडमध्ये सापडणे कठीण. शिफ्ट सुटली की भोसरी, मोशी, चाकणच्या रस्त्यांवर दुचाक्यांचा लोंढा येतो आणि त्याच रस्त्यांवरून कंटेनर, ट्रेलरही धावत असतात. माझा स्वतःचा हाडांच्या शास्त्राशी संबंध नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर. उभी हयात भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत शाफ्ट बनवण्यात गेली. पण एके दिवशी आमच्याकडचा एक तरुण टर्नर रुमालात गुंडाळून एक वस्तू घेऊन आला. त्याच्या पायातून काढलेला, मधोमध मोडलेला रॉड होता तो. म्हणाला, “साहेब, मटेरियल खराब होतं का?”

त्याला काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो. आधी पिळाबद्दल थोडे बोलू.

घरात खडू असेल तर एक प्रयोग करून पाहा. खडू दोन्ही टोकांना धरून वाकवला, तर तो आडवा तुटतो. ओला टॉवेल पिळतो तसा पिळला, तर तुटलेली कड मळसूत्रासारखी तिरकी येते. गाडी घसरली, पाऊल अडकून राहिले आणि शरीर मात्र फिरले, की नडगीचे हाड अगदी असेच तुटते. एक्स-रेमधली ती तिरकी रेघ पाहून डॉक्टर लगेच ओळखतात की हाड पिळले गेले आहे. वरून येणारे वजन आपले हाड उत्तम पेलते, पण पिळापुढे ते त्यामानाने दुबळे असते.

पीळ काही फक्त अपघातातच पडतो असे नाही. चालताना पाऊल जमिनीवर टेकलेले असते आणि वरचे शरीर वळत असते. जिना चढताना तर हे आणखी वाढते. बर्लिनमधले संशोधक बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यातच मोजमापाची उपकरणे बसवून चार रुग्णांवर अभ्यास केला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २३८ टक्के भार येतो, आणि जिना चढताना सांध्याच्या दांड्यावरचा पीळ सपाटीवरच्या चालण्यापेक्षा सरासरी २३ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले.

आम्हा शाफ्टवाल्यांना एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. पीळ नाहीसा होत नाही. तो एका भागातून दुसऱ्या भागात जातो. डिझाइन करणाऱ्याच्या हातात एवढेच असते की तो कुठून जावा आणि कुठे जाऊ नये, हे ठरवणे. शरीरात बसवायच्या धातूच्या भागांनाही हाच नियम लागू आहे.

मोडलेल्या हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालण्याची पद्धत जर्मनीतल्या कील शहरातले सर्जन गेरहार्ट क्युंचर यांनी १९४० साली जगापुढे मांडली. आपल्याकडे ‘के-नेल’ म्हणतात तो हाच. रुग्ण लवकर उठून बसू लागला, हा मोठाच फायदा होता. पण हा खिळा पोकळ असे आणि त्याला लांबीभर फट असे. आता वहीच्या कागदाची सुरळी करा. कड न चिकटवता पिळा, ती लगेच फिरते. कड डिंकाने चिकटवून वाळू द्या आणि मग पिळा, ती ताठ राहते. १२ मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची नळी घेतली, तर फट असलेल्या नळीपेक्षा बंद नळी पिळाला सुमारे ६० पट ताठ ठरते. नुसती एक फट एवढा फरक करते!

दुसरी अडचण अशी, की खिळा हाडात केवळ घट्ट बसण्याच्या जोरावर टिकून असे. हाडाची पोकळी मधल्या भागात अरुंद असते, तिथे तो आवळून बसे. पण हाड टोकाकडे मोडलेले असेल किंवा त्याचे तुकडे झाले असतील, तर तुटलेला भाग खिळ्याभोवती फिरे. झोपलेल्या माणसाचे पाऊल स्वतःच्या वजनानेच बाहेर कलते. तशा स्थितीत हाड जुळले, की पाय कायमचा वाकडा.

वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही यावरचा उपाय लगेच सुचेल. शाफ्टवर पुली नुसती ठोकून बसवली तर ती घसरते. म्हणून दोघांत खाच करून ‘की’ बसवतात. १९७० च्या दशकात जर्मनी आणि फ्रान्समधल्या सर्जनांनी हेच केले. खिळ्याला दोन्ही टोकांशी भोके ठेवली आणि हाडातून आरपार स्क्रू घातले. आता पीळ हाडातून स्क्रूत, स्क्रूतून खिळ्यात आणि खिळ्यातून पलीकडच्या हाडात जातो. मोडलेली जागा मधल्या मध्ये शांत राहते.

मात्र भोक पाडले की धातू तिथे दुबळा होतो, कारण ताण भोकाच्या कडेला गोळा होतो. मग रॉड जाडच का करू नये? जाडी १० मिलिमीटरवरून ११ केली, तर भरीव रॉड पिळाला ४६ टक्के जास्त ताठ होतो. पण एक तर हाडाची पोकळी जेवढी आहे तेवढीच आहे. आणि दुसरे म्हणजे, सगळा भार धातूनेच उचलला तर हाड आळशी होते आणि विरळ होऊ लागते. भाराप्रमाणे हाड स्वतःला घडवते, हे जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले होते. स्टीलचा ताठपणा हाडाच्या साधारण दहा पट असतो, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा त्याच्या निम्मा. म्हणजे रॉड पुरेसा ताठही हवा आणि थोडा लवचीकही हवा.

सांध्यात तर गणित उलटेच असते. तिथे पीळ अडवायचा नसतो, त्याला वाट द्यायची असते. १९५० च्या दशकातले काही कृत्रिम गुडघे दाराच्या बिजागरीसारखे होते. पण गुडघा म्हणजे बिजागरी नव्हे. पाय पूर्ण सरळ होताना नडगी किंचित बाहेर वळते आणि वाकवताना परत आत येते. बिजागरीने हे वळणे अडवले, तेव्हा तो पीळ सांधा आणि हाड यांच्या जोडावर गेला आणि सांधे सैल होऊ लागले. म्हणून पुढच्या डिझाइनमध्ये गुडघ्याला थोडे फिरू देण्याची सोय केली गेली. आपल्याकडे तर मांडी घालणे, उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे ही रोजची कामे. भारतीय माणसाची ठेवण समोर ठेवून पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी ‘इंडस’ हा गुडघ्याचा सांधा विकसित केला, त्याचे महत्त्व इथे लक्षात येते.

अशा भागांची परीक्षाही आमच्या क्षेत्रातल्यासारखीच असते. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या क्षेत्रात संशोधन आणि चाचण्या करते आहे. खुब्याच्या दांड्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात दांडा मुद्दाम तिरका धरतात, म्हणजे वाक आणि पीळ एकदम येतात, आणि ५० लाख वेळा भार दिला जातो. दिवसाला पाच हजार पावले चालणाऱ्या माणसाच्या एका पायाला वर्षात नऊ लाखांवर फेरे होतात, हे लक्षात घेतले की हा आकडा मोठा वाटत नाही.

आता त्या टर्नरची गोष्ट. मी मोडलेला रॉड भिंगाखाली धरला. भोकाच्या कडेपासून निघालेली, शिंपल्यावर असतात तशी वलये स्पष्ट दिसत होती. शाफ्ट असे मोडलेले मी शेकड्यांनी पाहिले आहेत. ही खूण एका झटक्याची नसते, थकव्याची असते. धातू चांगला होता. पण डॉक्टरांनी पायावर वजन टाकू नको म्हणून बजावलेले असताना, हाड जुळायच्या आत तो लेथवर आठ-आठ तास उभा राहत होता. दिवसाला एका पायाची अडीच हजार पावले धरली, तरी तीन महिन्यांत सव्वादोन लाख फेरे होतात. हाड जुळणे आणि रॉड थकणे यांची ही शर्यत असते. इथे रॉड आधी थकला.

तो लवकर परत का आला? “घरी बसून पगार कोण देणार, साहेब?” हे त्याचे उत्तर. आणि त्याला परत घेणारा मीच होतो. चिकाटीचा पोरगा म्हणून मी त्याची पाठही थोपटली होती. एरवी शाफ्टवर किती भार यायचा याचा हिशेब मी दशांशापर्यंत करायचो, पण त्या पायाचा हिशेब करायचे मला सुचले नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही त्याला तपासणी विभागात स्टूलवर बसून करायचे काम दिले. या वेळी हाड जुळले. तेच काम पहिल्यांदा देता आले असते.

म्हणून सांगतो, तुमच्या घरी कोणाच्या पायात रॉड असेल, तर पायावर वजन कधी टाकायचे आणि मांडी कधी घालायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि तेवढेच करा. दोन्ही पावले सारखी वळलेली दिसतात ना, हेही विचारा. आणि तुमच्या हाताखाली माणसे काम करत असतील, तर अशा माणसासाठी एक स्टूल काढून ठेवा.