छपराखालचा खेळ आणि कॅमेरा

गेल्या हिंवाळ्यांत माझी नात आंतरशालेय बास्केटबॉलच्या सामन्यांत पहिल्यानेंच खेळली. सामना एका बंदिस्त क्रीडागृहांत होता व मुलाचा कॅमेरा माझ्या हातीं होता. मीं दोनशें चित्रें काढलीं. घरीं येऊन पाहतों तों बहुतेकांत नातीऐवजीं एक पिंवळट धूर तेवढा धांवत होता! स्पष्ट असें चित्र एकच निघालें; तेंहि ती राखीव खेळाडूंच्या बांकावर बसली असतांनाचें. तें पाहून ती म्हणाली, "आजोबा, मी खेळलें हें कोणाला खरें वाटेल?" जन्मभर मुलांना प्रकाशाचे व गतीचे नियम पढविणाऱ्या मला ते ऐन वेळीं आठवूं नयेत, याची मनस्वी लाज वाटली. श्रोतेहो, त्या लाजेंतून जें शिकलों तेंच आज सांगणार आहें.

हा खेळ जन्मतःच छपराखालचा. १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें, हिंवाळ्यांत मुलांना बाहेर खेळतां येत नाहीं म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला दोन टोपल्या ठोकून तो सुरू केला. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आजहि कडें दहा फुटांवरच असतें. अशा गृहांत दिवे टांगतांना खेळाडूंना चेंडू दिसावा एवढाच विचार बहुधा केलेला असतो. दुपारच्या उन्हाच्या मानानें तेथील उजेड शेंकडों पटींनीं कमी. परंतु डोळ्याची बाहुली विस्तारते, दृष्टि सरावते आणि आपल्याला उणीव भासत नाहीं. कॅमेरा मात्र फसत नाहीं.

आतां थोडें गणित करूं. सेकंदास पांच मीटर वेगानें धांवणारें मूल एक साठांश सेकंदांत आठ सेंटिमीटर पुढें सरकतें. तेवढी त्याच्या चेहऱ्याची रेघ ओढली जाते. एक पांचशांश सेकंदांत तेंच एक सेंटिमीटर सरकतें. म्हणून शटर निदान एक पांचशांश सेकंदाचें हवें. पण तोटी थोडाच वेळ उघडली तर घागर भरणार कशी? तोटी रुंद करावयास हवी. भिंगाचें छिद्र एफ ४ असेल त्या मानानें एफ २.८ दुप्पट, व एफ १.८ जवळजवळ पांचपट प्रकाश आंत घेतें. ८५ मिलिमीटरचें एफ १.८ भिंग फार महाग नसतें आणि या कामीं उत्तम. तरीहि उणें पडेल तें आय. एस. ओ. ३२०० किंवा ६४०० पर्यंत वाढवून भरून काढावें. चित्र दाणेदार होईल, परंतु दाणेदार चित्रांत मूल ओळखूं येतें. हललेल्या चित्रांत येत नाहीं.

दुसरी अडचण अधिक गूढ आहे. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करितो. त्यामुळें पाऱ्याचे जुने दिवे, नळ्या आणि हलके एल. ई. डी. दिवे सेकंदास १०० वेळां मंद व तेज होत असतात. डोळ्याला तें कळत नाहीं. झटपट मिटणारें शटर मात्र त्या लाटेचा एखादाच तुकडा उचलतें. म्हणून लागोपाठच्या चित्रांत एक उजळ, दुसरें काळवंडलेलें व तिसरें पिंवळें निघतें. कित्येक नव्या कॅमेऱ्यांत लाटेचा माथा साधून शटर उघडण्याची सोय असते. ती चालू करावी. रंगाकरितां दिव्यांखालीं पांढरा कागद धरून कॅमेऱ्यास पांढऱ्याची ओळख आधींच करून द्यावी. छिद्र, शटर व आय. एस. ओ. हीं आपल्या हातानें ठरवावींत. नाहींतर चकचकीत लाकडी जमीन पाहून कॅमेरा दिपतो आणि मुलांचे चेहरे काळे करून ठेवितो.

तिसरा उपाय फुकटचा आहे. वर उडालेली वस्तु माथ्यावर क्षणभर थबकते, हें आपण शाळेंत शिकलों. माथा गांठण्यापूर्वींच्या व नंतरच्या एक दशांश सेकंदांत उडी घेणारें मूल खालींवर अवघें पांच सेंटिमीटर हलतें. तोच क्षण टिपावा. तेव्हां एक अडीचशांश सेकंदाचें शटरहि पुरतें. त्यासाठीं कड्याच्या बाजूस, रेषेबाहेर, खालीं बसावें आणि चेंडूपेक्षां चेहऱ्याकडे लक्ष द्यावें.

फ्लॅशचा दिवा मात्र पंचांनीं व शिक्षकांनीं परवानगी दिल्यावांचून लावूं नये. ऐन उडींत मुलाचे डोळे दिपले तर दुखापत व्हायची. तसेंच दुसऱ्यांच्या मुलांचीं चित्रें त्यांच्या आईबापांना विचारल्याखेरीज चव्हाट्यावर मांडूं नयेत.

पुढील सामना त्याच गृहांत झाला. नातीचा संघ हरला. मीं या वेळीं चाळीसच चित्रें काढलीं. एकांत ती हवेंत आहे, चेंडू बोटांवरून नुकताच सुटला आहे. तो कड्यांत पडला नाहीं, हें त्या चित्रांत दिसत नाहीं. तिनें जीव तोडून उडी घेतली, एवढें मात्र स्वच्छ दिसतें. तिनें तें आपल्या अभ्यासाच्या टेबलावर लावलें आहे.