घोटीव कोब्याला पुन्हा दिवस

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावसला घर बांधायचं तर भिंतींची चर्चा फार होत नाही, जांभ्याचे चिरे ठरलेलेच. घोडं अडतं ते जमिनीवर. व्हिट्रिफाइड टाइल्स की शहाबादी, यात हल्ली तिसरं नाव ऐकू येतं: पॉलिश्ड काँक्रीट. हे शहरी खूळ म्हणून सोडून देऊ नये. कोकणातल्या जुन्या ओट्या-पडव्यांतला लाल कोबा हा त्याचाच वडीलधारा.

पूर्वी कोबा चुन्याचा असे. चुना, विटांची सुरखी आणि खडी यांचा थर थाप्यांनी चोपून चोपून घट्ट करत. चुना आणि फुटक्या मडक्यांच्या चुऱ्याची अशीच जमीन व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वर्णिली आहे. 1824 मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंटचा कारखाना चालू झाला आणि पुढे कोब्यातला चुना मागे पडला. ओल्या थरावर सिमेंट आणि लाल ऑक्साइडचा लेप देऊन गवंडी तो उकिडवा बसून घोटत असे. घाई केली की पापुद्रा सुटे.

नव्या पद्धतीत घोटण्याची वेळ बदलली. काँक्रीट आधी पुरतं कडक होऊ देतात, मग हिऱ्याची धार असलेल्या चकत्यांनी, भरड ते बारीक अशा क्रमाने घासतात. वरचा कच्चा थर निघून आतली खडी दिसू लागते. मध्ये सिलिकेटचं द्रावण पाजतात. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रं भरतं आणि पृष्ठभाग टणक होतो. ही चमक मेणाची नव्हे, त्यामुळे पुसून जात नाही.

पण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जांभा सच्छिद्र. चौथऱ्यातला मातीचा भराव एक पावसाळा बसू द्यावा, मग सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, मग काँक्रीट. कागद वाचवला तर ओल खालून चढते, सोबत क्षारही आणते आणि चकचकीत जमिनीवर पांढरा लोणा फुलतो. खाडीची न धुतलेली वाळू वापरली तर तो हमखास. जूनमध्ये दमट वारा गार जमिनीवर आला की तिला घाम फुटतो तो वेगळा. त्यावर कागदाचा इलाज नाही, खिडक्या विचारपूर्वक उघडणं एवढंच हाती.

बागायतदाराच्या घरात खरा शत्रू मात्र आंबट. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश, आणि आमसुलात, आगळात, आंब्याच्या रसात आम्ल. सांडलेलं आगळ तासभर राहिलं तर चमक खाऊन खरबरीत डाग पडतो, लाल रंग मुरतो तो वर. लिंबानेही तेच होतं. वरून सीलर मारला तर पुसायला सवड मिळते, अभय मिळत नाही. म्हणून माजघर, ओटी, झोपायच्या खोल्या यांना हा कोबा उत्तम. स्वयंपाकघरात कडाप्पा किंवा टाइल्स बऱ्या. आंब्याची आढी घालायची खोली तर कोब्यापासून लांबच ठेवावी. न्हाणीघरात आणि पायरीवरही नको, ओला झाला की पाय घसरतो.

बारीक केसासारख्या भेगा पडणारच. वेळेवर सांधे कापले तर त्या बहुतेक सांध्यातच राहतात.

ठेकेदाराशी बोलताना चकाकीचे फोटो नंतर बघा. आधी भराव, प्लास्टिकचा कागद आणि पाणी मारायचे दिवस लेखी ठरवून घ्या.