लॅपटॉप चालू होईना? आधी हार्डडिस्क काढा!

सबमिशनचा आठवडा आला की लोणी, संगमनेर, कोपरगाव, नगर, कुठल्याही होस्टेलवर रात्री एकच घाई असते. नेमका तेव्हाच कुणाचा तरी लॅपटॉप रुसतो. काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ, नाहीतर लोगो येऊन सगळं ठप्प. लगेच फुकटचे सल्ले सुरू : “विंडोज उडालं, फॉरमॅट मार!”

थांबा. फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी एक्स्टर्नल हार्डडिस्क लावलेली आहे का, ते बघा. असेल तर पॉवरचं बटण दाबून धरा, मशीन पूर्ण बंद होऊ द्या, डिस्क काढा आणि पुन्हा चालू करा. झालं चालू? मग तुमचं विंडोज ठणठणीत आहे.

असं का होतं? बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी बायॉस जागं होतं; नव्या मशीनमध्ये त्याच्या जागी यूईएफआय असतं. सिस्टिम कुठून उचलायची, याची एक यादी त्याच्याकडे असते. त्या यादीत यूएसबी वर असेल, तर ते आधी तुमच्या हार्डडिस्ककडे जातं. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या शेवटी एक ठरलेली खूण असते. ती दिसली की बायॉस डिस्कच्या हाती कारभार सोपवून मोकळं! आत मात्र फक्त सिनेमे आणि पीडीएफ. मग काही मशीन तिथंच अडकतात. फ्लॉपीच्या जमान्यातही हाच घोळ व्हायचा. १९८६ चा ‘ब्रेन’ व्हायरस तर फ्लॉपीच्या याच पहिल्या भागात लपून पसरला.

कायमचा उपाय सोपा आहे. मशीन सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट दाबा (कंपनीनुसार की बदलते), ‘बूट’मध्ये जा, ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा आतली डिस्क सगळ्यात वर आणा आणि सेव्ह करा. फक्त त्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा. सेटिंग बदलल्यावर काही लॅपटॉप ती मागतात.

यादी बरोबर असूनही अडतंय? मग पॉवर तपासा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. डिस्क हबमधून न लावता थेट पोर्टला लावा, केबल बदलून बघा. लाइट गेल्यावर डेस्कटॉप धाडकन बंद पडला असेल, तर डिस्कची फाइल सिस्टिम बिघडलेली असू शकते. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. प्रत्येक प्रयत्नाला डेटा हातचा जाण्याची भीती असते.

डिस्क काढूनही मशीन सुरू झालं नाही, तर दोष आतला. दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य एकच : “डेटा हवाय, फॉरमॅट करू नका.”

आणि प्रोजेक्टची एकमेव कॉपी त्या हार्डडिस्कवरच असेल, तर तो बॅकअप नव्हे, जुगार आहे. आजच दुसरी कॉपी करा.