इथाका: विद्यापीठाच्या गावात बहुकुटुंबी घर घेताना

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका शहरात कॉर्नेल विद्यापीठ आणि इथाका कॉलेज अशा दोन संस्था असल्याने भाड्याच्या घरांना कायम मागणी असते. जुन्या लाकडी घरांचे दोन-तीन फ्लॅट केलेले इथे ठिकठिकाणी दिसतात. एका भागात मालक राहतो आणि बाकीच्यांच्या भाड्यातून हप्त्याला हातभार लागतो.

शोध सुरू होतो तो घरांच्या संख्येपासून. दोन ते चार घरांच्या इमारतीला गृहकर्ज मिळते. पाचव्या घरापासून ती व्यावसायिक मालमत्ता ठरते आणि कर्जाचे नियम कडक होतात. मालक स्वतः राहणार असेल, तर सरकारी हमीच्या एफएचए कर्जात किमान 3.5 टक्के रक्कम भरून खरेदी करता येते. मात्र तीन-चार घरांच्या इमारतीत भाड्याच्या 75 टक्क्यांत मासिक हप्ता, कर आणि विमा भागलाच पाहिजे. ही कसोटी एफएचए कर्ज न घेणाऱ्यानेही लावून पाहावी, इतकी ती उपयोगी आहे.

भाड्याने देण्यासाठी नगरपालिकेचे तपासणी-प्रमाणपत्र लागते. त्याची मुदत आधी पाहावी. 1978 पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो. चालू भाडेकरार घरासोबत नव्या मालकाकडे येतात, म्हणून ते वाचणे सर्वांत महत्त्वाचे. राज्यात 2019 पासून अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. कॉर्नेलने अलीकडे सुमारे 2,000 खाटांची नवी वसतिगृहे उभारली आहेत. मागणीचा अंदाज बांधताना तीही मोजावीत.