शाळेची चिठ्ठी घरी पोचते का?

प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात पुस्तके, वह्या, डबा आणि पाण्याची बाटली यांच्या जोडीला आणखी एक वस्तू असते, पण तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे शाळेने घरी पाठविलेली चिठ्ठी. कधी ती दैनंदिनीत लिहिलेली असते, कधी छापील कागदावर असते, तर अलीकडे ती दप्तरात न येता परस्पर आईवडिलांच्या मोबाईलवर येते. 'उद्या जंताची गोळी देण्यात येईल', 'पाल्याचे डोळे तपासून घ्यावेत', 'शनिवारी पालकसभेस उपस्थित राहावे' अशी ती दोन-तीन ओळींची सूचना असते. मुलाचे आरोग्य, त्याची सुरक्षितता आणि शाळेसाठी झालेली त्याची तयारी या तिन्ही गोष्टी पुष्कळदा या दोन ओळींवर अवलंबून असतात. म्हणूनच ही चिठ्ठी घरी पोचते का, पोचली तर वाचली जाते का, आणि वाचल्यावर काही घडते का, याचा विचार ठाणे, कल्याण व डोंबिवली या आपल्या परिसराच्या संदर्भात करण्याचे योजिले आहे.

शाळेने मुलांच्या प्रकृतीकडे पाहावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. हिंदुस्थानात शालेय मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली. स्वातंत्र्यानंतर रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. आज जी व्यवस्था चालू आहे तिचे नाव 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम'. तिचा देशपातळीवरील आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला आणि त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांची व रक्ताची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब अशा चार गटांत सुमारे तीस विकार पाहिले जातात. डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. विकार आढळला तर पुढील उपचार, प्रसंगी शस्त्रक्रियासुद्धा, विनामूल्य होतात.

योजना चांगली आहे, यात शंका नाही. परंतु तिचा सर्वांत नाजूक दुवा कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. समजा, तिसरीतील एका मुलाला फळ्यावरचे दिसत नाही. पथक येते, डॉक्टर तपासतात आणि 'नेत्रतपासणीसाठी पाठवावे' अशी चिठ्ठी देतात. येथवर शासनाचे काम चोख झाले. पुढचा प्रवास मात्र त्या आठ वर्षांच्या मुलाच्या दप्तरातून व्हायचा असतो! चिठ्ठी डब्याच्या तेलाने माखते, वहीत दडून बसते किंवा घरी पोचूनही आजीच्या हाती पडते आणि आजीला वाचता येत नाही. वर्ष उलटते. मूल मागच्या बाकावर बसून चुकीचे उतरवून घेत राहते. शिक्षक त्याला निष्काळजी म्हणतात, घरचे त्याला मठ्ठ म्हणतात आणि हळूहळू ते स्वतःही तसेच समजू लागते. डोळ्यांवर चष्मा हवा होता, तेथे कपाळावर शिक्का बसतो. या साऱ्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. निरोप सुटला, पण तो पोचला की नाही हे कोणी पाहिले नाही, एवढेच.

आपल्या भागात हा दुवा तुटण्याची कारणे थोडी निराळी आहेत. डोंबिवली-कल्याणची असंख्य घरे लोकलच्या वेळापत्रकावर चालतात. वडील सकाळी मुंबईकडे निघतात, आईही नोकरी करीत असेल तर तीही निघते आणि दोघे परततात तेव्हा मूल जेवून पेंगुळलेले असते. मधल्या वेळात ते पाळणाघरात, आजी-आजोबांकडे किंवा शेजारच्या काकूंकडे असते. अशा घरातील आईला गुरुवारी दुपारी दोन वाजता पालकसभेस बोलावणे म्हणजे एक दिवसाची रजा मागणे होय. तिला रोजंदारी असेल तर एक दिवसाची मजुरी मागणे होय. ती आली नाही, तर 'पालकांना आस्थाच नाही' असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो! दुसरे कारण भाषेचे. भिवंडीत उर्दू आणि तेलुगू बोलणारी यंत्रमाग कामगारांची कुटुंबे आहेत, उल्हासनगरात सिंधी आहेत, कल्याणपासून ठाण्यापर्यंत हिंदी व गुजराती घरे आहेत. शाळेची सूचना मात्र बहुधा कार्यालयीन भाषेत निघते. 'पाल्याच्या लसीकरणाबाबतची माहिती विहित नमुन्यात सादर करावी' हे वाक्य मराठी माणसालाही दोनदा वाचावे लागते, मग इतरांची काय कथा!

लसीकरणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना लस द्यायची होती आणि त्यासाठी शाळा हेच मुख्य केंद्र होते. त्या काळात मोबाईलवरून लसीविषयी नाना अफवा फिरल्या. ज्या घराशी शाळेचा एरवी काही संवाद नाही, त्या घराला सूचनेचा कागद आणि अफवेचा संदेश दोन्ही सारखेच परके वाटतात. मग त्यांतला अधिक भीती घालणारा खरा ठरतो. पुढे २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, आपल्या जिल्ह्यातील भिवंडी आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. बाधित मुलांपैकी पुष्कळांची लस राहून गेलेली होती. करोनाच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले, हे त्याचे एक मोठे कारण. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान अशी दोनदा द्यायची असते, तर घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची वर्धक मात्रा पाचव्या-सहाव्या वर्षी, म्हणजे नेमकी पहिलीत जाण्याच्या सुमारास येते. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला मागणाऱ्या शाळेने लसीकरणाचे कार्डही शांतपणे पाहिले आणि राहिलेली लस कोठे मिळेल ते तेथल्या तेथे सांगितले, तर केवढे काम होईल!

आरोग्यानंतर सुरक्षिततेकडे वळू. २६ जुलै २००५ चा प्रलय आपल्या परिसरातील वडीलधारी माणसे विसरलेली नाहीत. सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद पडल्या आणि अनेक मुले शाळांतच अडकून राहिली. अशा वेळी मूल सोडायचे की थांबवायचे, आईवडील येऊ शकत नसतील तर कोणाच्या हाती सोपवायचे, हे पाऊस पडू लागल्यावर ठरवून चालत नाही. ते जून महिन्यातच ठरवावे लागते आणि दोन्ही बाजूंना माहीत असावे लागते. शालेय बसविषयी महाराष्ट्राने २०११ साली नियम केले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते आणि तीत पालकांचा प्रतिनिधी असतो. आपल्या मुलाच्या शाळेत अशी समिती आहे का, हे किती पालकांना सांगता येईल?

सुरक्षिततेचा याहून दुखरा भाग बदलापूरने आपल्यापुढे आणला. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत दोन अगदी लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्ट रोजी संतप्त लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या थांबल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेने पोलिसांना कळविले नाही याकडेही लक्ष वेधले. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा २०१२ सालचा आहे. असा गुन्हा घडल्याचे समजूनही न कळविणे हाच त्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने तो केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यानंतर शासनाने शाळांत कॅमेरे बसविणे सक्तीचे केले. कॅमेरे हवेतच. परंतु या प्रकरणाला वाचा फुटली ती कॅमेऱ्यामुळे नव्हे. मुलींनी घरी सांगितले आणि घराने ऐकून घेतले, म्हणून ती फुटली. मुलाला शरीराच्या अवयवांची नावे ठाऊक असणे, 'मला हे आवडले नाही' असे म्हणता येणे आणि ते म्हटल्यावर घरात दटावणी न होणे, हीच पहिली सुरक्षितता होय. शाळेने पालकांना हे समजावून दिले पाहिजे. १०९८ हा मुलांसाठीचा साहाय्य क्रमांक भिंतीवर लिहिलेला असतो, तो घरातही ठाऊक असला पाहिजे.

तिसरी गोष्ट शाळेच्या तयारीची. पुष्कळ घरांत तयारी म्हणजे मुळाक्षरे आणि शंभरपर्यंत अंक अशी समजूत असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाची खरी तयारी वेगळीच असते. स्वतःचे नाव व पत्ता सांगणे, गुंडी लावणे, शौचास जाऊन आल्यावर हात धुणे, गोष्ट शेवटपर्यंत ऐकणे, दुसऱ्याबरोबर खेळणी वाटून घेणे, लहान-मोठे ओळखणे, ही ती तयारी. महाराष्ट्रात २०२२ साली 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान सुरू झाले, त्यात हीच दृष्टी आहे. पहिला मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी भरतो. मूल आईचा हात धरून एकेका टेबलापाशी जाते, उड्या मारते, वस्तूंची वर्गवारी करते, चित्र पाहून बोलते आणि त्याची नोंद विकासपत्रावर होते. नंतर वस्तीतील आयांचे गट होतात. त्यांना सोप्या कृतींची पत्रके मिळतात. डाळी-कडधान्ये निवडताना वेगवेगळी करणे, कपड्यांच्या घड्या करणे, जिना चढताना पायऱ्या मोजणे, अशा घरच्या कामांतूनच सुट्टीभर शिक्षण चालते. जूनमध्ये दुसरा मेळावा भरतो आणि मूल किती पुढे गेले ते पाहिले जाते. येथे आईला नुसता निरोप मिळत नाही, तर काम मिळते आणि विश्वासही मिळतो.

खरे तर हे बीज आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात पेरले गेले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षण केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, खरूज-नायट्यावर औषध लावणे हे सारे आईच्या डोळ्यांदेखत चाले. आईला वेगळी सूचना द्यावी लागत नसे, कारण ती पाहत असे. आपल्या काळात ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली २०१६ साली महानगरपालिका व समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नल शाळा सुरू केली, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. दुष्काळी भागातून येऊन सिग्नलवर फुले-खेळणी विकणाऱ्या कुटुंबांची मुले शाळेपर्यंत येणार नव्हती, म्हणून शाळा पुलाखाली आली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चांगल्या चिठ्ठीची लक्षणे कोणती? काय झाले आहे, काय करायचे आहे, कधीपर्यंत आणि शंका आल्यास कोणाला विचारायचे, या चार गोष्टी तिच्यात घरच्या भाषेत असाव्यात. शक्य तेथे ती बोलून दाखवावी, कारण वाचता न येणाऱ्या आजीलाही ध्वनिमुद्रित निरोप ऐकता येतो. मुलाचे खासगी दुखणे, डोक्यातल्या उवा असोत वा ऐकू कमी येणे असो, शंभर पालकांच्या मोबाईल-गटावर टाकू नये. ते एका घराला एकांतात सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चिठ्ठीचे उत्तर आले का, हे पाहणारे कोणीतरी शाळेत असावे. 'सही आली' म्हणजे काम झाले नव्हे, चष्मा आला म्हणजे काम झाले.

पालकांच्याही हाती काही अधिकार आहेत. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. हा नियम विनाअनुदानित शाळांना लागू नाही, पण तेथेही पालक-शिक्षक संघ असतो. पालकसभा रविवारी सकाळी घ्या, एवढी साधी मागणी या समितीतून सहज करता येईल.

आणि आपण? आपल्यापैकी काहीजण उद्या प्राथमिक शिक्षक होतील, काहीजण कार्यालयात बसून सूचना लिहितील आणि बहुतेक सगळे पालक होतील. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक दर वर्षी शिबिरासाठी विषय शोधतात. शेजारच्या महापालिका शाळेत तपासणी झालेल्या मुलांच्या चिठ्ठ्यांची यादी मुख्याध्यापकांकडून घ्यावी, त्यांच्याच संमतीने एकेका घरी जावे, चिठ्ठी वाचून दाखवावी आणि रुग्णालयाचा रस्ता सांगावा, हा विषय काही वाईट नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी त्या कार्यालयीन सूचना सोप्या मराठीत, हिंदीत, उर्दूत उतरवून द्याव्यात. त्याला निधी लागत नाही, मंडप लागत नाही. लागतो तो एक रविवार आणि जिने चढण्याची तयारी.