तृप्ती मोजायची कोणाची?

स्त्री-पुरुष संबंधात पुरुषाला परमतृप्ती, म्हणजे उत्तेजनेच्या शिखरावरचा आवेगाचा क्षण, सहसा लाभतो आणि स्त्रीला तो पुष्कळदा लाभत नाही, हे अनेक पाहण्यांतून पुढे आले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२,००० हून अधिक प्रौढांच्या अमेरिकी पाहणीत भिन्नलिंगी पुरुषांपैकी ९५ टक्के जणांनी तो नेहमी किंवा बहुतेक वेळा येतो असे सांगितले, तर भिन्नलिंगी स्त्रियांत हे प्रमाण ६५ टक्के होते. समलिंगी स्त्रियांत मात्र ते ८६ टक्के निघाले, आणि स्त्रीदेह तोच असताना आकडा एवढा चढतो म्हटल्यावर ‘बायकांची प्रकृतीच तशी’ हे ठेवणीतले उत्तर टिकत नाही.

स्त्रीच्या कामसुखाचे मुख्य केंद्र शिश्निका हा योनिमुखाच्या वरच्या बाजूचा अवयव आहे, त्यामुळे केवळ योनिसंभोगाने अनेक स्त्रियांची तृप्ती होत नाही. शिश्निकेचा बराचसा भाग शरीराच्या आत असतो. या अवयवाची नेमकी रचना ऑस्ट्रेलियाच्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये मांडली. वैद्यकाला इतका उशीर व्हावा, हे बोलके आहे.

महाराष्ट्रात हा विषय र. धों. कर्वे यांनी त्याच्या कितीतरी आधी उघडपणे मांडला होता. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या आणि त्या कार्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडाव्या लागलेल्या कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, ही भूमिका घेतली. संततिनियमनाचा संबंध त्यांच्या लेखी या हक्काशीही होता, कारण गर्भाची धास्ती असताना सुख कसले? वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही कर्वे खटला हरले.

कर्व्यांच्या काळातील माहितीची टंचाई आता नाही, पण अडचण सरलेली नाही. उदाहरणार्थ, पुण्याच्या हडपसरमध्ये मगरपट्ट्यातील आयटी कंपन्यांच्या पाळ्या आणि गावठाणातील दाटीची घरे एकाच परिसरात आहेत. निवांत एकांत दोन्हीकडे दुर्मीळ, आणि घाईत उरकलेल्या संबंधात तोटा होतो तो जिला अधिक वेळ लागतो तिचा. त्यातून ‘काय हवे’ हे पतीला सांगणे अनेकींना आजही निर्लज्जपणाचे वाटते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, इच्छा नसल्यास पतीला नकार देता येतो, असे ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितले. तृप्तीविषयीचा प्रश्न त्या प्रश्नावलीत नाही.